साडेबाराला उघडणारे डोळे

बरोबर साडेबाराला ट्रकने डोळे उघडले आणि अंगणात दाटीवाटीने उभ्या असलेल्या दोन-अडीचशे माणसांच्या तोंडून एकदमच "आऽऽ" निघालं.

ट्रकमध्ये कुणी नव्हतं. इंजिन बंद, दारं बंद, किल्ली घरात खुंटीला. तरीही बंपरवर बसवलेले ते दोन मोठे गोल जादा दिवे भक्कन पेटले होते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात जोडून, डोळे ताणून त्या उजेडात बघू लागल्या. कुणाला मोतीबिंदू, कुणाला रांजणवाडी, कुणाला नुसताच चष्म्याचा कंटाळा. एका गृहस्थांना तर डोळ्यांचं काहीच झालेलं नव्हतं, पण फुकट मिळतंय तर घ्यावं असा त्यांचा स्वभाव.

ट्रकचा मालक वारून चार महिने झाले होते. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारा, हसतमुख, दिव्यांचा भारी शौकीन माणूस. तो तापाने गेला. मग आता हे दिवे कोण लावत होतं?

"कोण म्हणून काय विचारता?" ट्रकच्या पायरीवर चढून उजेडबाबा गरजले. "अहो, तोच! मरण म्हणजे काय? नुसता गिअर बदलणं! देह म्हणजे फर्स्ट गिअर, आत्मा म्हणजे टॉप गिअर! आता त्याला ना डिझेल लागतं ना टोल! रोज घरी येतो, बायकोला बघतो, लेकीला बघतो. आणि त्याची नजर ज्याच्या डोळ्यावर पडेल, त्याचा डोळा बरा! औषध बंद, चष्मा बंद, डॉक्टर बंद!"

हे उजेडबाबा काही वर्षांपूर्वी केस उगवायचं तेल विकायचे. स्वतःचं डोकं तेव्हाही तुळतुळीत होतं आणि तरी तेल खपायचं, यावरून काय ते ओळखा. आता अंगावर पायघोळ झगा होता आणि हातात स्टीलचा जग. दहा-पंधरा मिनिटं दर्शन झालं की बाबा दिव्यांखालच्या पट्टीवर जगातलं गार पाणी ओतत, "जा राजा, आता विश्रांती घे," म्हणत, आणि थोड्याच वेळात दिवे विझत. काय तो आज्ञाधारक आत्मा!

गर्दीच्या मागे कुंपणाला टेकून मिस्त्री उभा होता. गाड्यांच्या वायरिंगचं आणि दिव्यांचं त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. त्याने मान वर केली नाही. बघायची त्याला गरजच नव्हती. ते दिवे त्यानेच बसवले होते, आणि ते का लागतात हे त्या अंगणात फक्त त्याला माहीत होतं.

झालं होतं असं. दीड वर्षापूर्वी हा ट्रकवाला खोक्यातले दोन दिवे छातीशी धरून दुकानात आला होता.

"मिस्त्री, आजच बसव. संध्याकाळी माल भरून निघायचंय."

"अरे, बंपर बघ तुझा! बाकदार आहे. तयार ब्रॅकेट इथे बसणार नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. नाहीतर काय, दिवे मीच दोरीने बांधले असते."

हसत हसत काम सुरू झालं. मिस्त्रीने तयार ब्रॅकेट कापलं, वाकवलं, नवी भोकं पाडली. ब्रॅकेटची लोखंडी पट्टी लांबीला पुरली, पण पातळ होती, थरथरायची. म्हणून त्याने जुन्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी तिच्या पाठीला लावून रिव्हेट ठोकले आणि वरून काळा रंग मारला. काम देखणं झालं. राहिली एकच गोष्ट. भोकाची कड धारदार होती आणि वायर तिथूनच जायची. तिथे रबराची छोटी कडी बसवायला हवी होती. नेमका कड्यांचा डबा रिकामा निघाला.

"पुढच्या खेपेला ये, कडी बसवून देतो."

पुढच्या खेपेला तो आला, तेव्हा मिस्त्रीला वेळ नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेला आला तो वेगळीच तक्रार घेऊन.

"मिस्त्री, दुपारचे दिवे आपोआप लागतात रे. मी हातही लावत नाही."

मिस्त्रीच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. धारदार कडेने वायरचं आवरण खाल्लं असणार. पण दुकानात चार ड्रायव्हर बाकावर बसले होते, कान टवकारून. ब्रॅकेट उघडलं असतं तर चौघांसमोर अब्रू गेली असती. तो खाली वाकला, हातोडीच्या दांड्याने पट्टीवर दोनदा टकटक केलं आणि उठून हात पुसत म्हणाला, "वायर चोख आहे. मी तपासली. हे वायरचं काम नाही, बाबा. बाहेरचं काहीतरी दिसतंय. कुणाला तरी दाखव."

बाकावरचे चौघे हसले. ट्रकवाला मात्र हसला नाही. 'बरं,' म्हणाला आणि निघून गेला. तो पुन्हा दुकानात आला नाही.

तो वारल्यावर ट्रक शेडमध्ये पडून होता. दीड महिन्यापूर्वी एका गिऱ्हाईकाला दाखवायला म्हणून बाहेर अंगणात काढला, आणि पहिल्याच दुपारी मेलेल्या माणसाचे दिवे लागले. गिऱ्हाईक पळालं. तिसऱ्या दिवशी उजेडबाबा जग घेऊन हजर झाले.

आणि आत्म्याला टोल लागत नव्हता हे खरं, पण बॅटरी लागायची! इंजिन बंद असताना रोज दिवे पेटल्यावर ती उतरणारच. दर तीन दिवसांनी बाबांचा चेला बॅटरी उचलून आणायचा. कुठे? तर मिस्त्रीच्याच दुकानात. मिस्त्री मुकाट्याने चार्ज करून द्यायचा. चेला विचारायचा नाही, मिस्त्री बोलायचा नाही. वर आणखी हेही ऐका: चमत्काराची बोंब झाल्यापासून चार गावचे ट्रकवाले "आम्हाला तसलेच दिवे पाहिजेत" म्हणून दुकानापुढे रांग लावत होते. लोक त्याला येता-जाता नमस्कार करू लागले होते. तो नमस्कार घ्यायचा आणि रात्री कूस बदलत पडायचा.

मिस्त्रीची बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. एके सकाळी डबा भरता भरता ती म्हणाली, "ट्रकवाल्याची बारकी पाच दिवस झाले दवाखान्यात आली नाही."

बारकी म्हणजे ट्रकवाल्याची दहा वर्षांची लेक. खेळताना काटकी लागून तिच्या उजव्या बुबुळाला जखम झाली होती, ती चिघळली होती. दर तासाला थेंब घालायला सांगितले होते.

"येईल," मिस्त्री म्हणाला.

"कशाची येतेय! थेंब बंद केलेत. त्या बाबाने सांगितलंय, बापाच्या नजरेने बरी होईल. डॉक्टरबाई काल म्हणाल्या, आणखी दोन-तीन दिवस असेच गेले तर डोळा गेला म्हणून समजा. मी घरी जाऊन आले, वहिनी ऐकून घेईनात. तुम्ही सांगा ना. तुम्हाला मानतात त्या."

"मी काय सांगणार? मी काय डॉक्टर आहे?"

"डॉक्टर नाही, पण दिवे तुम्हीच बसवलेत ना? आपोआप कसे लागतील हो दिवे?"

मिस्त्री चहात बघत राहिला.

"तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?" ती म्हणाली आणि डब्याचं झाकण दाणकन बसवून निघून गेली.

त्याच दिवशी चार्ज केलेली बॅटरी जोडायला मिस्त्री स्वतः ट्रकवाल्याच्या घरी गेला. दहा वाजले होते, अंगण रिकामं होतं. ट्रकच्या मागच्या चाकाजवळ, सावलीत, बारकी उजव्या डोळ्यावर ओढणीचा बोळा धरून बसली होती.

"दुखतं का ग?"

"उजेडात दुखतं. मिस्त्रीकाका, एक विचारू? आईला सांगणार नाही ना?"

"नाही सांगत."

"परवा मी दिव्यांवर गोणपाट टाकलं होतं. सकाळीच, कुणी नसताना. मला त्या उजेडात बसायचं नव्हतं. तर माझे बाबा आलेच नाहीत. साडेबारा वाजले, लोक जमले, गोणपाट काढलं, तरी दिवे लागले नाहीत. किती उशिराने आले. उजेडबाबा म्हणाले, या घरातल्या कुणीतरी त्यांचं मन मोडलं, म्हणून रागावलेत." तिने चांगला डोळाही हाताने झाकला. "मी मोडलं ना काका? ते आता चांगला डोळा पण घेतील का?"

पट्टी सावलीत गार राहिली, म्हणून दिवे लागले नाहीत. इतकी साधी गोष्ट. आणि ही पोर परवापासून मनात कुढत होती.

"ढग आले तरी ते येत नाहीत," बारकी हळूच म्हणाली. "मी बघून ठेवलंय. पण असं बोललं की पाप लागतं म्हणे."

अख्ख्या गावात विचार करणारी एकटी हीच, आणि पापाच्या भीतीने गप्प बसलेली. मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात तिची आई पाण्याची बादली घेऊन आली. चार महिन्यांत निम्मी झाली होती बाई.

"बसा ना भाऊजी. बॅटरी झाली?"

"झाली. वहिनी, मी काय म्हणतो... बारकीचे थेंब सुरू करा. ते दिव्यांचं... ते वायरमुळेही असू शकतं."

तिने बादली खाली ठेवली. "वायर तर तुम्ही तपासली होती."

मिस्त्री बॅटरीच्या वायरचा नट पुन्हा आवळू लागला.

"ते घरी येऊन मला म्हणाले होते. मिस्त्री म्हणतो वायर चोख आहे, हे बाहेरचं आहे. मी तर असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नव्हते, भाऊजी. त्यांना म्हटलं, कुणीतरी थट्टा केली असेल. तर म्हणाले, दुसरा कुणी बोलला असता तर मीही हसलो असतो, पण मिस्त्रीला गाडीचं सगळं कळतं. म्हणून ते उजेडबाबांकडे गेले. पुढे ताप आला तरी आठ दिवस तिकडेच जात राहिले." तिने पदराने डोळे टिपले. "बाबा काय, कुणीही काहीही बोलेल. पण तुम्ही स्वतः तपासलीत, म्हणून मी हे मानते. तपासली होती ना?"

आता बोलायचं होतं. आत्ता, याच क्षणी. त्याने तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला. "तपासली होती."

दुकानात परत आल्यावर त्याला काही सुचेना. एका गाडीची वायर दुसऱ्याच गाडीला जोडायला निघाला. फळीवर रबरी कड्यांचा डबा होता, काठोकाठ भरलेला. एवढीशी कडी, नखाएवढी. ती बसवली असती तर हे काही झालं नसतं. आणि ती राहिली होती तरी काही बिघडलं नव्हतं. 'चुकलं माझं, थांब, दुरुस्त करतो' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चमत्कार बाबाने केलाच नव्हता. बाबाने फक्त पाणी ओतलं. चमत्कार मिस्त्रीने केला होता, हातोडीच्या दांड्याने दोनदा टकटक करून.

त्याने शटर खाली ओढलं आणि थेट दवाखाना गाठला. बायकोला बाहेर बोलावून उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचा चेहरा असा झाला की मिस्त्रीला तिच्याकडे बघवेना.

"त्या बाईच्या तोंडावर, आज सकाळीसुद्धा?" तिने विचारलं.

"सकाळीसुद्धा."

"चला," ती म्हणाली, आणि आतून थेंबांची बाटली घेऊन आली.

साडेबारा झाले. दिवे लागले. "आऽऽ" झालं. बारकीला अगदी पुढे, दिव्यासमोर स्टुलावर बसवलं होतं. कालच्यापेक्षा जवळ, कारण बापाचा राग घालवायचा होता. तिच्या लाल डोळ्यातून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रडतेय, रडतेय! पापं वाहून चाललीत!" बाबा म्हणाले. मग जग उचलून पट्टीवर पाणी ओतलं. "जा राजा, विश्रांती घे!" दिवे विझले. लोकांनी माना डोलावल्या.

गर्दीतून वाट काढत मिस्त्री पुढे आला. त्याच्या हातात चहाच्या टपरीवरची किटली होती, तोंडातून वाफा निघणारी.

"बाबा, जरा सरका. तुमच्या पाण्याने तो गेला. माझ्या पाण्याने येतो का बघू." त्याने बारकीला स्टुलावरून उचलून बाजूला केलं आणि किटली पट्टीवर रिती करायला लागला.

दिवे भक्कन लागले.

मिस्त्रीने बाबांच्या हातातला जग घेतला, उरलेलं गार पाणी ओतलं. थोडं थांबला. दिवे विझले. पुन्हा किटली. दिवे लागले.

"अरे, चहाच्या पाण्याला येतो की हा!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

"थांबव हे! आत्म्याला चटके देतोस?" बाबा किंचाळले. "मी साधना केलीय, साधना! हा कोण टिकोजीराव?"

"मी मिस्त्री. हे दिवे मी बसवलेत." त्याने बॅटरीची वायर सुटी केली, चार नट सोडवले आणि ब्रॅकेट हातात घेऊन पायरीवर चढला. "हे बघा. पुढून लोखंड, मागून ॲल्युमिनियम. तापल्यावर दोन्ही लांबतात, पण ॲल्युमिनियम जास्त लांबतं. दोन्ही एकत्र ठोकली की बिचारी पट्टी वाकते. दोनेक मिलिमीटर, जास्त नाही. दुपारचं ऊन समोरून येतं, काळा रंग तापतो, पट्टी वाकते आणि या वायरला टेकते. या वायरचं आवरण इथे कापलं गेलंय, आतलं तांबं दिसतंय, या, हात लावून बघा. बटण दाबल्यावर तरी काय होतं? हीच वायर गाडीच्या लोखंडाशी जोडली जाते आणि दिवे लागतात. इथे बटण न दाबताच जोडली जात होती. गार पाणी ओतलं की पट्टी सरळ, दिवे बंद. ढग आले, बंद. गोणपाट टाकलं, बंद." त्याने बारकीकडे पाहिलं. "तुझे बाबा रागावले नव्हते, पोरी. नुसती सावली पडली होती. तू बरोबर ओळखलं होतंस."

"मग माझ्या आईचा मोतीबिंदू?" एकाने विचारलं.

"डॉक्टरकडे न्या, भाऊ. हा दिवा आहे. रस्ता दिसायला बसवतात."

बाबा एव्हाना फाटकाजवळ पोचले होते. जग विसरून राहिला होता. तो मागायला काही ते वळले नाहीत.

लोक हसत होते, पण मिस्त्री पायरीवरून उतरला नव्हता. "अजून एक आहे," तो म्हणाला. "वायर कापली गेली ती माझ्या चुकीने. ट्रकवाला तक्रार घेऊन आला तेव्हा मी न तपासता म्हणालो, तपासली. बाहेरचं आहे म्हणालो. आणि हे दीड महिना बघत होतो. बॅटरीही मीच चार्ज करून देत होतो."

हसणं थांबलं. "म्हणजे तोंड आज उघडतोस होय रे?" कुणीतरी म्हणालं.

ट्रकवाल्याची बायको पुढे आली. ती ओरडली नाही. ब्रॅकेट हातात घेऊन तिने त्या उघड्या तांब्यावर बोट फिरवलं. दीड महिना ती रोज दुपारी न्हाऊन, धुतलेली साडी नेसून या दिव्यांसमोर उभी राहत होती.

"त्यांना का नाही सांगितलंत?"

"दुकानात चार माणसं बसली होती, वहिनी. लाज वाटली."

"चार माणसं," ती म्हणाली. मग लेकीचा हात धरून, नर्सबाईच्या मागोमाग, त्याच्याकडे न बघता दवाखान्याच्या वाटेला लागली.

डोळा वाचला. अगदी थोडक्यात वाचला, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बुबुळाच्या कडेला एक पांढरा ठिपका मात्र राहिला, तो कायमचा. मिस्त्रीच्या दुकानात आता पाटी आहे: 'गाडीत काही आपोआप झालं तर आधी इथे या. चूक माझी असू शकते.' काही गिऱ्हाइकं ती वाचून परत जातात. जाऊ देत. तुम्हीही एवढंच करा. काही अघटित दिसलं की हात जोडण्याआधी कशामुळे म्हणून विचारा, ऊन-सावली बघा, गार-गरम करून बघा. आणि तुमच्यावर कुणी भरवसा टाकला असेल, तर न तपासता 'तपासलं' म्हणू नका.

दोन महिन्यांनी तो ट्रक दुकानासमोर येऊन थांबला. शेजारच्या सीटवरून ट्रकवाल्याची बायको उतरली. तिने ट्रक विकला नव्हता, ड्रायव्हर ठेवून चालवायला घेतला होता. मागोमाग बारकी उतरली.

"दिवे त्यांच्या आवडीचे आहेत," बारकीची आई म्हणाली. "काढायचे नाहीत. नीट बसवा."

ती शेजारी उभी राहिली आणि दर पावलाला विचारत गेली. ही पट्टी एकाच धातूची का? ही वायर इकडूनच का? मिस्त्री सांगत गेला. शेवटी त्याने भोकात रबरी कडी बसवली, तेव्हा तिने बोट घालून कड चाचपून पाहिली.

"हिच्यामुळे कड लागत नाही?"

"लागत नाही."

"हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं."

"माहीत होतं, वहिनी."

तिने मान हलवली आणि बाजूला झाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, त्यानेही माफी मागितली नाही.

बारकी केबिनमध्ये चढली. "मी लावू?" तिने बटण दाबलं. दिवे लागले. पुन्हा दाबलं, विझले. पुन्हा लावले. खिडकीतून डोकं बाहेर काढून तिने मिस्त्रीकडे पाहिलं. उजव्या बुबुळावरचा पांढरा ठिपका उन्हात स्पष्ट दिसत होता.

"आता मी लावले म्हणूनच लागले ना, काका?"

"हो," मिस्त्री म्हणाला. "तू लावलेस म्हणून."